मनगटावरचे घड्याळ आणि छातीचे ठोके

पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला मुलगा दिवाळीला घरी येतो, तो हल्ली वडिलांसाठी स्मार्ट घड्याळ घेऊन येतो. पहाटे भरभर चालायला निघावे आणि मिनिटाला छातीचे ठोके किती पडतात ते त्यात पाहावे. तुमच्याही घरी असे घड्याळ आले असेल, तर त्याच्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवायचा, हे जाणून घ्या.

घड्याळ उलटे करून पाहा. मागे हिरवा उजेड लुकलुकतो. रक्त हा हिरवा प्रकाश शोषून घेते. दर ठोक्याला मनगटात रक्ताची लाट येते, तेव्हा परतणारा उजेड थोडा घटतो. त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजते. वैद्यबुवा बोटांनी नाडी पाहतात, हे उजेडाने पाहते, इतकेच!

पट्टा सैल असला की मोजणी चुकते. कधी कधी तर ते ठोक्यांऐवजी पावलांची लयच मोजत बसते. कुदळ मारताना मूठ आवळली जाते, तेव्हाचा आकडाही फारसा मनावर घेऊ नका. आपल्याकडे कित्येक आयाबायांच्या मनगटावर गोंदण असते. त्या शाईने उजेड अडतो. म्हणून गोंदण नसलेला हात निवडावा आणि घड्याळ बांगड्यांपासून दूर, मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, न हलेल इतपत घट्ट बांधावे. शंका आली तर थांबा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून अर्धा मिनिट नाडी मोजा आणि दुप्पट करा.

ठोके किती असावेत? २२० मधून वय वजा करतात. पन्नाशीच्या माणसाचे १७० आले. बेताच्या व्यायामात त्याच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८५ ते सुमारे १२० ठोके चालतात. हिशेब ढोबळच, दहा-बारा ठोके इकडेतिकडे व्हायचेच. रक्तदाबाच्या काही गोळ्या तर ठोके वाढूच देत नाहीत. त्या घेणाऱ्याने आकडा गाठण्यासाठी जिवाचा आटापिटा करू नये; आपली मर्यादा डॉक्टरांना विचारावी. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग पुष्कळ झाला.

आता खरी काळजीची गोष्ट. चालताना किंवा घरी बसल्या बसल्या छातीवर दाब येतो, हात किंवा जबडा भरून येतो, दरदरून घाम सुटतो. घड्याळ मात्र ७८ दाखवते. मग माणूस म्हणतो, "ठोके तर नीट आहेत, पित्त असेल," आणि ओवा चावून आडवा होतो. हृदयाची रक्तवाहिनी बुजली, तरी ठोक्यांचा आकडा सरळ राहू शकतो. हे घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. बायकांना तर कधी नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. अशा वेळी घड्याळाकडे पाहत बसू नका. १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत माणसाला चालू देऊ नका.