पेट्रोल की डिझेल? हिशेब तासाचा

भिवंडीत बसून हिरवळ कापायचं यंत्र सहसा कुणी बाळगत नाही. पण तालुक्यात भातशेती आहे, चिखलणीला पॉवर टिलर लागतो, बांधावरचं आणि गोदामांच्या आवारातलं गवत कापावं लागतं. प्रश्न तोच: डिझेल परवडतं की पेट्रोल?

पंपावरचा भाव बघून उत्तर मिळत नाही. लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. शिवाय डिझेल इंजिन हवा कितीतरी जास्त दाबतं, म्हणून त्या ऊर्जेचा वापरही चांगला होतो. ज्या कामाला छोटं पेट्रोल इंजिन तासाला दीड लिटर पितं, तेच काम डिझेल इंजिन सुमारे एका लिटरात उरकतं. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरा: तासाला १५६ विरुद्ध ९०. वाचले ६६.

आता डिझेल यंत्र तीस हजारांनी महाग मिळालं, तर फरक भरून निघायला साडेचारशे तास लागतील. वर्षाला नव्वद तास चालवणाऱ्याला पाच वर्षं! दोन-चार एकरवाल्याने ते भाड्यानेच आणावं. दुसऱ्यांच्या शेतातही टिलर फिरवणाऱ्याने मात्र डिझेलच घ्यावं.

खांद्यावरच्या गवत कापणीयंत्राला डिझेलचा विचारच नको. ते इंजिन जड पडतं. फक्त हंगाम संपला की टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा, नाहीतर कार्ब्युरेटर तुंबतो.