अंगणवाडीची ताई आणि जर्मनीची बालशाळा

आमच्या समाजातील शिकून नोकरीला लागलेली बरीच मुले आता मुंबई-पुण्याला स्थिरावली आहेत. त्यांची लेकरे अडीच-तीन वर्षांची झाली. दिवाळीत, भीमजयंतीला ही मंडळी सिल्लोडला येतात तेव्हा अलीकडे एक नवेच नाव कानी पडते : वॉल्डॉर्फ बालशाळा. तिथे म्हणे चार वर्षांच्या मुलालाही अक्षर दाखवीत नाहीत. पाटी नाही, वही नाही, ए-बी-सी-डी तर नाहीच. बाई मुलांदेखत कणीक मळतात, फाटके शिवतात, अंगण झाडतात, आणि मुले त्यांच्या मागे मागे तसेच करतात. फी मात्र कारकुनाच्या पगाराला घाम फोडणारी! ऐकून आमची जुनी माणसे हसतात. झाडलोटीतून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले आणि आता पैसे भरून नातवंडांना झाडू शिकवता काय, असे विचारतात.

प्रश्न चोख आहे. पण हसून सोडून देण्यासारखा नाही. म्हणून ही शाळा मुळात काय आहे ते आधी पाहू.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीत स्टुटगार्ट शहरात वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. त्याचे चालक एमिल मोल्ट यांना कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायची होती. त्यांनी रुडॉल्फ स्टाइनर या विचारवंताला पाचारण केले आणि ७ सप्टेंबर १९१९ रोजी शाळा उघडली. पहिली २५६ मुले. त्यांतली बहुतेक त्याच कारखान्यातल्या कामगारांची. मुलगे-मुली एकत्र, कामगाराचे आणि साहेबाचे पोर एका बाकावर. त्या काळच्या जर्मनीत ही गोष्ट साधी नव्हती. पुढे १९२६ साली एलिझाबेथ ग्रुनेलियस या शिक्षिकेने तिथेच लहानग्यांचा वर्ग सुरू केला. आपल्याकडे मुंबईत अंधेरीला त्रिधा ही शाळा २००० साली निघाली, नंतर पुण्यातही अशा शाळा आल्या. म्हणजे सिगारेट वळणाऱ्या कामगारांच्या मुलांसाठी निघालेली शाळा आपल्या देशात येईपर्यंत मोटारीतून उतरणाऱ्या मुलांची झाली! हे जाता जाता लक्षात ठेवावे.

आता तिथली बाई काय करते ते पाहू, कारण खरी गोष्ट तीच आहे. स्टाइनर यांचे म्हणणे असे की सात वर्षांखालचे मूल उपदेशाने शिकत नाही, ते अनुकरणाने शिकते. समोरचे मोठे माणूस जे करते, ज्या आवाजात बोलते, ज्या हाताने वस्तू ठेवते, ते सगळे मूल आत घेते. म्हणून लहान मुलांच्या बाईने शिकवायचे नसते, स्वतः नीट वागायचे असते. ती मुलांना 'हात धुवा' असे दहा वेळा ओरडत नाही, स्वतः हात धुऊ लागते. पीठ मळते, भाजी चिरते, बाहुलीचे फाटलेले झबले शिवते, आणि ते काम मन लावून पुरे करते. रोजचा दिवस एकाच क्रमाने जातो : खेळ, गाणी, खाणे, बाहेर हुंदडणे, गोष्ट, झोप. एकच गोष्ट कित्येक दिवस तशीच सांगायची, तीही पुस्तक न उघडता, तोंडपाठ. खेळणी म्हणजे लाकडाचे ठोकळे, बिया, शिंपले, रंगीत फडकी. बाहुलीला डोळे-तोंड जेमतेम, का तर तिचे हसणे-रडणे मुलाने स्वतः मनाने भरावे. आमच्या आज्या चिंध्यांची बाहुली करून द्यायच्या, चिंचोके आणि गजगे खेळायला द्यायच्या, त्याची आठवण येते. तीच बाहुली शहरात हजार रुपयांना मिळते.

अगदी तान्ह्या मुलांसाठी या शाळांतल्या पुष्कळ बाया आणखी एका बाईंचा कित्ता गिरवतात. एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४६ साली बुडापेस्टला, युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी बालगृह काढले. तिथला नियम असा की बाळाला उचलण्याआधी 'आता तुला उचलते हं' असे सांगायचे, क्षणभर थांबायचे आणि मग उचलायचे. लंगोट बदलणे, अंघोळ, भरवणे ही कामे उरकायची नाहीत. ती निवांत करायची, कारण तेवढा वेळ ते बाळ आणि ती बाई, दोघांचाच असतो. गाठोडे उचलावे तसे मूल उचलायचे नाही. सहा महिन्यांच्या जिवाशीही माणसासारखे वागायचे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला माणूस म्हणवून घेण्यासाठी लढा दिला, त्याला या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको.

इतके चांगले बोलल्यावर आमचे आक्षेपही स्पष्ट सांगतो. स्टाइनर थिऑसॉफीच्या गोतावळ्यातून आलेले. पूर्वजन्म आणि कर्म यांवर त्यांचा विश्वास होता, आणि मूल मागल्या जन्माचे काही घेऊन येते हा विचार त्यांच्या शिक्षणाच्या मुळाशी आहे. मागल्या जन्माच्या पापामुळे अस्पृश्य जन्मलात, हे आम्ही शतकानुशतके ऐकले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा पूर्वकर्माचा सिद्धांत आणि तथागतांचा कर्मविचार यांची स्पष्ट फारकत केली आहे. तेव्हा हा भाग आम्ही घेणे शक्य नाही. दुसरे, स्टाइनर यांच्या व्याख्यानांत मानववंशांची उतरंड लावणारी विधाने आहेत. हॉलंडमध्ये त्यांच्याच अनुयायांच्या संस्थेने नेमलेल्या समितीने २००० साली अहवाल दिला. त्यातली १६ विधाने आज कोणी जाहीरपणे केली तर ती भेदभावविरोधी कायद्यात बसतील, असे त्या समितीनेच लिहिले. उतरंडीत खालच्या पायरीवर कोणाला बसवतात हे आम्हांला कोणी शिकवायला नको. या शाळांत मुले घालणाऱ्या आमच्या तरुणांनी सण कोणते साजरे होतात, गोष्टी कोणत्या सांगतात, एवढी चौकशी बाईंकडे जरूर करावी. सावित्रीबाईंचा ३ जानेवारी आणि बुद्धपौर्णिमा त्यात आहे काय, असे विचारायला संकोच कसला? गोष्टींची तर आपल्याकडे वाण नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हंस जातक, महाकपी जातक रंगवले आहे. पूर्वजन्माचा धागा बाजूला ठेवून हंसाची, माकडाची गोष्ट म्हणून ती सांगता येतात.

आणि तिसरा आक्षेप अक्षरांचा. ज्यांच्या घरात चार पिढ्यांचे ग्रंथ आहेत त्यांनी खुशाल सात वर्षांपर्यंत अक्षर दूर ठेवावे. आमच्या बापजाद्यांना अक्षर नाकारले गेले होते. आता पुन्हा आम्हीच ते लांबवायचे? वस्तीतील आई रोजंदारीतून पैसे काढून तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी नर्सरीत घालते ती हौस म्हणून नव्हे, मागे पडण्याची भीती म्हणून. त्या भीतीला आम्ही हसणार नाही. पण ते मूल संध्याकाळी पेंगत पेंगत रेघा ओढते, बोटे दुखतात म्हणून रडते, आणि घरी त्याच्याशी बोलायला कोणी नसते. आमच्या मते तीन वर्षांच्या मुलाला आधी भाषा हवी. गोष्ट, गाणे, त्याच्या प्रश्नाला उत्तर. अक्षर पाचव्या वर्षी आले काय आणि सहाव्या वर्षी आले काय, ज्याला दोन हजार शब्द बोलता येतात तो ते पटकन उचलतो. भाषेच्या बाबतीत त्या जर्मन बाईंचे आम्हांला पटते, सात वर्षांच्या हट्टाचे पटत नाही.

पण एवढ्यासाठी जर्मनीला जायचे कारण नव्हते. हे काम महाराष्ट्रात ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर (आता पालघर जिल्हा) झालेले आहे. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्या सोबतीला आल्या. केंद्रात गोरगरिबांच्या वाड्यांवरची मुले येईनात. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही, त्यांच्या वाड्यांवर जाऊन तिथल्या अंगणातच बालवाडी भरवली. अंगणवाडी हा शब्द असा आला. मॉण्टेसोरीबाईंची महागडी साधने खेड्यात कोण देणार? मग बिया, पाने, माती, बांबू हीच साधने झाली. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरांमागे कुरणात शाळा! शहरातले पालक ज्यासाठी आज रांग लावतात त्यातले निम्मे ताराबाई-अनुताईंनी पोटाला चिमटा घेतलेल्यांच्या मुलांसाठी फुकट केले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज आमच्या तालुक्यात भराडी, अंभई, शिवना, गोळेगाव, कुठेही जा, अंगणवाडी आहे. तिथे एक सेविका आणि एक मदतनीस. आहार शिजवणे-वाटणे, वजन-उंची, लसीकरणाची यादी, गरोदर बायांच्या भेटी, हजेऱ्या, सर्वेक्षण, मोबाइलवरचा पोषण ट्रॅकर हे सगळे करून उरलेल्या वेळात तिने मुलांना गाणी-गोष्टी सांगायच्या. वॉल्डॉर्फच्या बाईला जे निवांतपण हे पहिले साधन म्हणून दिले जाते, ते हिच्या वाट्याला येतच नाही. आम्ही वस्तीतल्या अशा ताया पाहिल्या आहेत की ज्या खिचडीचे पातेले उतरवता उतरवता चिमणीचे गाणे म्हणतात आणि वीस पोरे टाळ्या देतात. त्यांना स्टाइनर ठाऊक नाही. पण त्या मदतनीस बाईने ताट कसे पुसून मांडले, ते पाहून चार वर्षांची मुलगी तसेच ताट मांडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आणि या बायांना सरकार काय देते? 'वेतन' हा शब्दसुद्धा देत नाही, 'मानधन' म्हणते. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनिसाला २,२५० रुपये ठरवले. राज्य त्यात आपली भर घालते. मदतनीस निम्म्यावर का, तर ती धुते, पुसते, भरवते म्हणून! हात घाण होणाऱ्या कामाची किंमत निम्मी, हा हिशेब कोणत्या व्यवस्थेतून आला हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सेविका-मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, तो संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला. हा निकाल आमच्या भगिनींपैकी किती जणींना माहीत आहे? कार्यकर्त्यांनी तो घरोघर सांगायला हवा. शिवाय काही गावांत आमच्या समाजाच्या बाईने शिजवलेला आहार मुलांना खाऊ दिला जात नाही, अशा बातम्या अजून वाचाव्या लागतात. तिथे गप्प बसलेले चार वर्षांचे पोर काय अनुकरण करेल?

सांभाळणाऱ्या बाईचे काम हलके मानणाऱ्यांनी दोन नावे आठवावीत. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. त्याला वाढवले ते महाप्रजापती गौतमीने. बाबासाहेब लहान असतानाच माता भीमाबाई गेल्या. त्यांना आणि भावंडांना सांभाळले ते आत्या मीराबाईंनी, ज्यांच्या पाठीला कुबड होते. मीराबाईंचे नाव आपल्या जयंतीच्या भाषणांत कितीदा येते? आणि बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे आणि तिचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती.

आता आमच्या तालुक्यातले सर्वांत मोठे दुखणे. अंगणवाडीचा वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा, तोही दिवसातले काही तास. तीनच्या आतल्या लेकराला घरी न्यायचा शिधा मिळतो, पण त्याला सांभाळायला कोणी मिळत नाही. कापूस वेचणीला आणि मिरची तोडणीला बाई सकाळी आठला निघते ती दिवस मावळताना येते. लेकरू बांधावर झोळीत, नाहीतर घरी नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. मिरची तोडलेल्या हाताने आईला त्याचे डोळे पुसता येत नाहीत. आणि त्या नऊ वर्षांच्या मुलीची शाळा वेचणीच्या हंगामात बुडते ती बुडतेच. एका बाळाला सांभाळणारे कोणी नाही म्हणून दोन मुलांचे नुकसान होते. याला उपाय नाही असे नाही. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघर सुरू केले. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी असे लिहिलेले होते. केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय धरली आहे. अर्ज करायचा तर ग्रामपंचायतीने आणि आपण मिळून मागे लागले पाहिजे.

तोपर्यंत आपली विहारे आहेत. बहुतेक गावांत विहार सकाळी वंदनेला उघडते आणि मग संध्याकाळपर्यंत कुलूप. वेचणीचे तीन महिने तिथे पाळणाघर चालवायला काय लागते? सतरंज्या, जुन्या लुगड्यांच्या झोळ्या, झाकलेले पिण्याचे पाणी, धुण्यापुसण्याचा साबण, दारापुढे ओटा. आणि दोन बाया, ज्यांना मुलांची आवड आहे आणि ज्यांना मोफत राबवले जाणार नाही. जयंतीच्या डीजेसाठी आम्ही जी वर्गणी काढतो तिच्या तुलनेत हा खर्च कितीसा? आमची सूचना अशी की दसऱ्याआधीच्या बैठकीत विहार समित्यांनी हा विषय घ्यावा, बैठकीला वेचणीला जाणाऱ्या आयांना बोलवावे, आणि दोघींची मजुरी किती द्यायची तो आकडा सर्वांत आधी ठरवावा. सतरंज्या नंतर मोजता येतील.