कपड्याचा आराखडा वाचावा कसा?

शेताच्या मोजणीचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. त्यावरची एक रेघ बांध दाखवते, दुसरी वाट दाखवते, आणि कोणी वाटेला बांध समजून बसला की भावाभावांत तंटा ठरलेलाच. कपडा शिवण्यापूर्वी कागदावर जो आराखडा काढतात, त्याचेही असेच आहे. रेघा पुष्कळ, दिसायला जवळजवळ सारख्या, पण प्रत्येकीचे काम निराळे. फरक इतकाच की मोजणी पुन्हा करून घेता येते. एकदा कापलेले कापड पूर्वीसारखे होत नाही.

आपल्याकडे शिंपी कापड बेततो असे म्हणतात. शब्द मोठा नेमका आहे. कात्री चालण्याआधी मनात बेत ठरलेला असला पाहिजे, हे त्या एका शब्दात आले. जुना शिंपी हा बेत डोक्यात ठेवी आणि खडूच्या चार खुणांवर काम भागवी. माप तोच घेई, बेती तोच, शिवीही तोच. त्याला कागदाची गरज काय? पण शाळेच्या गणवेशाचे काम गावातल्या बचत गटाकडे आले म्हणजे माप एकीने घ्यायचे, बेतायचे दुसरीने, आणि शिवायचे दहाजणींनी. एकीच्या डोक्यातला बेत दहाजणींना दिसत नाही. तो कागदावर उतरवावा लागतो, आणि कागदावरच्या खुणांचा अर्थ सगळ्यांनी एकच धरावा लागतो.

पहिली गोष्ट ही लक्षात घ्या की कपड्याची चित्रे दोन जातींची असतात. एक, दुकानात टांगलेले किंवा मासिकात छापलेले झोकदार चित्र. त्यातली बाई उंच आणि सडपातळ असते. माणसाची उंची साधारणपणे त्याच्या डोक्याच्या साडेसात पट भरते. या चित्रांत ती मुद्दाम नऊ पट किंवा त्याहून जास्त काढतात. म्हणजे ते चित्र मन भुलवण्यासाठी आहे, बेतण्यासाठी नव्हे. त्यावरून बाहीची लांबी ठरवू गेलात तर फसाल. दुसरे असते सपाट रेखाचित्र. त्यात माणूस नाहीच. कपडा जमिनीवर नीट अंथरावा तसा पुढून आणि मागून, असा दोनदा काढलेला असतो. कामाचे चित्र हेच. त्यातली अखंड रेघ म्हणजे कपड्याची कड किंवा दोन तुकड्यांचा जोड. तुटक रेघ म्हणजे वरून डोळ्यांना दिसणारी शिलाई. खिशाभोवती तुटक रेघांच्या दोन ओळी असल्या तर शिलाईही दोनदा मारायची, एकदा नव्हे.

यावरून पुढे जो खराखुरा मापाचा कागद कापतात, त्याला नमुना म्हणू. नमुन्यावर बाहेरची अखंड रेघ कात्रीची आणि आतली तुटक रेघ सुईची. या दोन रेघांमध्ये जी जागा राहते तिला आपल्या शिंप्यांनी फार गोड नाव दिले आहे: माया. "आत माया ठेवा हो," असे पोरीच्या पोलक्याला सांगणाऱ्या आया तुम्ही ऐकल्या असतीलच. पोर वाढली की उसवून सैल करता येते, ते या मायेच्या जोरावर.

नवशिक्यांची खरी गफलत होते ती मायेत आणि सैलात. हे दोन्ही माप वाढवतात, म्हणून एकच वाटतात. एक उदाहरण घेऊ. छातीचे माप ३२ इंच आहे. कपडा पुढे दोन आणि मागे दोन अशा चार भागांत धरतात, म्हणून चौथा हिस्सा झाला ८ इंच. अंगाबरोबर कपडा शिवला तर श्वास घेता येणार नाही, हात वर करता येणार नाही. म्हणून सदऱ्याला एकंदर ४ इंच सैल धरू. म्हणजे प्रत्येक भागाला १ इंच. आठाचे नऊ झाले. ही झाली सुईची रेघ. तिच्याबाहेर १ इंच माया ठेवली की कात्रीची रेघ १० इंचांवर येते. आता समजा, कोणी नवावरच कात्री चालवली आणि सवयीने १ इंच आत शिवले. चारही भाग ८ इंचांचे झाले, कपडा नेमका ३२ इंच भरला, आणि सगळा सैल शिलाईत गेला. मूल सदरा घालते, पण वर्गात फळ्यावर लिहायला हात उचलला की बगलेत उसवते. सैल अंगासाठी आहे, माया शिलाईसाठी आहे. शिक्षकांनी हे गणित मुलांकडून पाटीवर दहा वेळा करून घ्यावे.

नमुन्यावर आणखी एक खूण असते: कडेला समांतर रेघ आणि तिची दोन्ही टोके काटकोनात वळून त्या कडेकडे बाण रोखलेली. अर्थ असा की ही कड कापडाच्या घडीवर ठेवा; इथे कात्री लावू नका. माझे पहिले पोलके याच खुणेने बुडवले. घडी होती डाव्या हाताला, मी नमुना ठेवला उजव्या हाताच्या मोकळ्या काठांशी. कापून उलगडते तो पाठीचे दोन तुकडे! मग पाठीत बटणपट्टी घालून वेळ मारून नेली, पण पट्टीला लागलेले कापड पाठीतूनच गेले आणि पोलके कायमचे आवळ झाले.

नमुन्याच्या मधोमध दोन्ही टोकांना बाण असलेली लांब रेघ दिसते. पुष्कळजण तिला नुसती मधली रेघ समजतात. ती धाग्याची रेघ आहे. मागावर जो ताणा लावलेला असतो तो कापडाचा उभा धागा, काठाला समांतर जाणारा. बाणा तो आडवा. ही बाणाची रेघ काठाला अगदी समांतर आली पाहिजे. दोन्ही टोकांपासून काठापर्यंतचे अंतर टेपने मोजा. ते सारखे भरले तर नमुना सरळ बसला. डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका. विणलेले कापड उभे ओढले तर फारसे ताणत नाही, पण कर्णाच्या दिशेने, म्हणजे ४५ अंशांत ओढले तर चांगले ताणते. ही उरेब दिशा. गळ्याच्या गोलाईला उरेब पट्टीच का लावतात, ते यावरून कळेल: ताणणारी पट्टी वळणावर न चुणता बसते. पण पायजम्याचा एक पाय नकळत तिरपा बेतला गेला तर दोन धुण्यांनंतर त्याची शिवण पोटरीभोवती फिरू लागते. धुण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, सुती कोरे कापड बेतण्यापूर्वी भिजवून वाळवून घ्या. ते आटते, आणि बहुधा लांबीकडून जास्त आटते.

कडेवरच्या बारीक खाचांना कोणी मोजतच नाही. त्या शोभेच्या नसतात. बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अधिक खोल असतो, कारण हात पुढे येतो. म्हणून बाहीच्या पुढच्या बाजूला एक खाच आणि मागच्या बाजूला दोन खाचा करण्याचा प्रघात आहे. मुंढ्याची एक खाच बाहीच्या एका खाचेला मिळवायची, दोन दोनांना. बाह्या बेतताना नमुना एकदा सुलटा आणि एकदा पालथा ठेवावा, नाहीतर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होतात. एका सदऱ्यात हे निस्तरता येईल. चाळीस थर एकावर एक सुलटे रचून एकदम कापले असले तर?

मोठ्या कामात नमुन्याबरोबर मापांचा तक्ता येतो. तो हातात आला की आधी दोन प्रश्न विचारा. "छाती ४६" लिहिले आहे, ते अंगाभोवतीचे, की अंथरलेल्या कपड्याच्या एका बाजूचे? आणि ते इंच, की सेंटिमीटर? मापे मेट्रिक करण्याचा कायदा १९५६ साली झाला, तरी शिंप्याचा हात इंचावरच बसलेला आहे आणि लुगड्याला आपण अजून नऊवारीच म्हणतो. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. अंथरलेला सदरा ४६ सेंटिमीटर रुंद असेल तर भोवतालचे माप ९२ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३६ इंच. तेच ४६ इंच धरले तर त्यात दोन पोरे मावतील. मापापुढे "अधिक-उणे १" असे असले तर तेवढ्या फरकापर्यंत माल परत येणार नाही, असे समजा.

एकाच नमुन्यावरून लहान, मध्यम, मोठा असे नमुने काढण्याची पद्धत अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली कागदी नमुने विकून घरोघर नेली. मात्र हे फोटो मोठा करण्यासारखे नाही. छाती २ इंच वाढली म्हणून गळाही २ इंच वाढवला तर सदरा खांद्यावरून घसरेल. प्रत्येक ठिकाणची वाढ वेगळी असते. गळ्याची आणि खांद्याची फार थोडी.

शिक्षकांनी वर्गात कोऱ्या कापडाने सुरुवात करू नये. घरचा एक जुना, विटलेला सदरा घ्यावा आणि मुलांकडून तो टाक्याटाक्याने उसवून घ्यावा. तुकड्यांना इस्त्री करून ते जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावेत आणि भोवताली पेन्सिल फिरवावी. सुईची भोके दिसतील, त्यांवरून तुटक रेघ काढावी. घडीची कड ओळखावी. उभा धागा शोधून बाण काढावा. कापड निरखून पाहिले तर मुंढ्यावरच्या खाचाही सापडतील. शेवटी प्रत्येक कागदावर पाठ, पुढा, बाही असे नाव, माप, किती तुकडे कापायचे आणि तारीख लिहून सगळे कागद एका दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगून ठेवावेत.