खांबाजवळचा गडी
धाराशिव जिल्हा खो-खोचे नाव राखणारा आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार आणि २०२० च्या अर्जुन पुरस्काराची मानकरी सारिका काळे याच जिल्ह्याची. या खेळात आठजण बसलेले आणि एकच धावणारा असल्यामुळे, एका गड्याच्या अंगभूत गुणासाठी अवघ्या संघाने आपले आक्रमण कसे बदलावे, हे येथे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा खांबाला वळसा घातल्याखेरीज सोडण्याची मुभा नाही, मध्यपाटी ओलांडण्याची तर नाहीच. बचाव करणारा मात्र बसलेल्यांमधून हवा तिकडे निसटतो. म्हणून पलीकडे जायचे तर पलीकडे तोंड करून बसलेल्या सहकाऱ्याला पाठीमागून खो द्यावा लागतो. आता संघात एखादी मुलगी खांबावर गडी टिपण्यात निष्णात असेल, तर प्रशिक्षक तिला खांबालगतच्या चौकोनात बसवतो, आणि बाकीच्या जणी आखूड, झटपट खो देत प्रतिस्पर्ध्याला त्याच खांबाकडे रेटत नेतात. अखेरचा खो मिळताच ती एका हाताने खांब धरून सारे शरीर आडवे झोकून देते आणि वळसा घेणाऱ्याच्या पाठीला तिची बोटे लागतात. टाळ्या तिच्या वाट्याला येतात. परंतु मला त्या खोंची आखणी अधिक मोलाची वाटते. चतुर प्रतिस्पर्धी तो खांब टाळू लागला, तरी मैदानाचा तेवढा भाग त्याला बंदच झालेला असतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ह्यूस्टन ऑयलर्सच्या बम फिलिप्स या प्रशिक्षकाने अर्ल कॅम्पबेल या बलाढ्य गड्यासाठी हीच तजवीज केली. चेंडू घेऊन धावणाऱ्या कॅम्पबेलची वाट मोकळी व्हावी म्हणून त्यांनी फळीच्या टोकाला एकाऐवजी दोन धिप्पाड गडी उभे केले, आणि १९८० च्या हंगामात कॅम्पबेलने १,९३४ यार्डांची मजल मारली.

२०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने पाठलाग करणाऱ्यांतील एका गड्याला ‘वजीर’ नेमून त्याला वाटेल त्या दिशेने धावण्याची परवानगी दिली. खेळ त्यामुळे वेगवान झाला, हे निर्विवाद. तथापि दिशा बदलण्यासाठी प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला लावणारी जुनी रीतच मला अधिक प्रिय आहे, कारण तीत बसलेल्या आठांची बुद्धी धावणाऱ्याच्या पायांइतकीच खर्ची पडते.