शिळेवरचे नाव आणि वहीतले नाव

प्रत्येक जुन्या घराण्यात मूळपुरुषाविषयी एखादी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती ऐकताना अभिमान वाटतो, म्हणून ती तपासून पाहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेतील हाउलंड घराण्यातही अशी एक कथा दीर्घकाळ प्रचलित होती. ती कोणत्या कागदांमुळे मागे पडली, हा वृत्तांत वंशावळीची आवड असणाऱ्यांनी जाणून घेण्याजोगा आहे.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ हे जहाज १०२ प्रवासी घेऊन इंग्लंडहून अमेरिकेस निघाले. त्यात जॉन हाउलंड नावाचा तरुण होता. जॉन कार्व्हर या प्रतिष्ठित गृहस्थाचा तो सेवक. वादळात तो समुद्रात फेकला गेला. परंतु शिडाचा लोंबकळता दोर हाती लागल्याने वाचला. प्लिमथ येथे वसाहत उभी राहिली, पण पहिल्याच हिवाळ्यात निम्मे प्रवासी मरण पावले. तेरा वर्षांच्या एलिझाबेथ टिलीचे आईवडील, काका आणि काकू, सारेच गेले. वसाहतीचे पहिले गव्हर्नर झालेले कार्व्हरही १६२१ च्या वसंतात निवर्तले. पुढे हाउलंडने या पोरक्या मुलीशी विवाह केला. त्यांना दहा अपत्ये झाली आणि दहाही संसाराला लागली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश हे याच दांपत्याचे वंशज.

घराण्यातील कथा मात्र निराळी होती. हाउलंडची पत्नी ही गव्हर्नर कार्व्हर यांची कन्या, असे वंशज सांगत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी प्लिमथच्या टेकडीवरील दफनभूमीत शिळा उभारली, तेव्हा तीवरही हेच कोरले. हाउलंडचे १६७२ चे मृत्युपत्र उपलब्ध होते. त्यात पत्नीचे नाव एलिझाबेथ आहे, मुलांची नावे आहेत. पण ती कोणाची कन्या, याचा उल्लेख नाही. कागद जेथे मौन होता, ती जागा कथेने भरून काढली होती.

खरे उत्तर एका हस्तलिखितात होते. वसाहतीचे दुसरे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी वसाहतीचा इतिहास स्वहस्ते लिहून ठेवला होता. बोस्टनमध्ये जपलेले ते हस्तलिखित अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत नाहीसे झाले. १८५५ मध्ये ते लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडले आणि १८५६ मध्ये छापले गेले. त्यात ब्रॅडफर्ड यांनी जहाजावरील कुटुंबांची यादी देऊन, तीस वर्षांनंतर कोण हयात आहे आणि कोणाला किती अपत्ये आहेत, याची जणू खतावणीच मांडली आहे. तेथे स्पष्ट नोंद आहे : हाउलंडची पत्नी एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी. पुढे इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्यातील हेन्लो गावच्या चर्चच्या नोंदवहीत तिच्या बाप्तिस्म्याची तारीखही मिळाली : ३० ऑगस्ट १६०७. कालांतराने दफनभूमीत नवी शिळा बसवण्यात आली. तीवर टिलीचे नाव आहे.

या नोंदी वाचताना तारखांची एक मेख लक्षात ठेवावी लागते. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे हाउलंडच्या मृत्यूची तारीख २३ फेब्रुवारी १६७२/७३ अशी जोडवर्षात लिहितात. आपल्या वाचकांना हे नवीन नाही. गुजराती पेढीचा विक्रम संवत कार्तिकात बदलतो, मारवाडी घरातला चैत्रात. म्हणून एकाच श्रावणातील दोन नोंदींत संवताचा आकडा एकाने वेगळा दिसतो.

अमेरिकेत पूर्वज शोधणारे स्वतःपासून आरंभ करून एकेक पिढी मागे जातात. प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह व मृत्यू यांचा पुरावा मिळाल्यावाचून पुढची पायरी चढत नाहीत. जनगणना १७९० पासून आहे, पण कुटुंबातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव तीत १८५० पासूनच येते. त्यापूर्वीच्या काळासाठी गावच्या दप्तरातील नोंदी, मृत्युपत्रे व जमिनीची खते पाहावी लागतात. आरंभच प्रसिद्ध पूर्वजापासून केला, तर समान नावाचा भलताच मनुष्य वंशात येऊन बसतो.

व्यापारी घराण्यांना हा न्याय परिचित आहे. व्यवहार झाला त्या दिवशी रोजमेळात पडलेली नोंद आणि वीस वर्षांनी कोणी सांगितलेली आठवण, यांत विसंगती आली तर आपण नोंदीवर विश्वास ठेवतो. वंशावळीलाही तोच नियम लावावा. घरातील जुन्या चोपड्या, दुकानाची खते, लग्नपत्रिका, वहीवंचांकडील नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्यात. वडीलधाऱ्यांनी सांगितलेले अवश्य लिहून घ्यावे. मात्र ते कोणी आणि कधी सांगितले, हेही त्याच पानावर नमूद करावे.

हाउलंडच्या वंशजांना गव्हर्नराचे नाते सोडावे लागले. त्या जागी त्यांना लाभली तेराव्या वर्षी सारे स्वकीय गमावूनही परक्या भूमीत दहा मुलांचा संसार उभा करणारी एक मुलगी. ती मृत्यू पावली १६८७ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, आपल्या लेकीच्या घरी.