सब्बल, जॅक आणि टेकू

भंडारा जिल्ह्यातून एक मोठा रस्ता जातो. नागपूरहून येतो, भंडारा, लाखनी, साकोली ही गावे घेतो आणि पुढे रायपूरकडे निघतो. त्याचा नंबर ५३. या रस्त्यावर रात्रंदिवस गाड्यांची धाव असते.

धाव आली, तसे अपघातही आले. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाला निघालेली एस.टी.ची शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटली. दहाहून जास्त माणसे दगावली.

गाडी उलटली की माणसे आत अडकतात. पत्रा कापणारी, फाकवणारी मोठी हत्यारे अग्निशामक दलाकडे असतात. पण ती यायला वेळ लागतो. पहिल्याने धावतात ती जवळच्या बांधीतली माणसे. म्हणजे तुम्ही-आम्हीच. मग आपल्या हाती काय आहे?

आधी हे करा

एकाने फोन लावावा. ११२ वर पोलीस आणि अग्निशामक दल, १०८ वर अँब्युलन्स. दोघांनी रस्त्यावर दूर उभे राहून येणाऱ्या गाड्या थांबवाव्या. गाडीची चावी बंद करा. बिडी-काडी पेटवू नका. तेल सांडलेले असते. मग चाकांना दगड लावा. गाडी हलली, तर आतला माणूस आणखी चेंगरेल.

घरची अवजारे

सब्बल घ्या. तिने दार उघडता येते, भारही उचलता येतो. समजा, सब्बल पाच फूट लांब आहे. टोकापासून अर्ध्या फुटावर खाली दगडाचा टेकू दिला. तुमच्या हाताकडे साडेचार फूट उरले. साडेचार म्हणजे अर्ध्याच्या नऊ पट. तुम्ही २० किलोचा जोर लावला, की पलीकडे १८० किलोचा भार उचलतो. पाहा, अंगातल्या बळापेक्षा टेकूची जागा मोठी!

जॅक प्रत्येक ट्रकमध्ये असतो. ट्रॅक्टरवाल्याकडेही मिळेल. बांधीतली माती मऊ असते. जॅक रुततो. म्हणून खाली जाड फळी ठेवा.

आता मुख्य गोष्ट. बोटभर उचला, बोटभर टेकू द्या. गाडी जरा वर आली, की लगेच खाली लाकडाचा ठोकळा सरकवा. पुन्हा उचला, पुन्हा ठोकळा द्या. जॅक निसटला, तरी गाडी ठोकळ्यावर थांबते. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये.

सीटचा पट्टा अडकला, तर विळ्याने कापा. विळ्याची धार माणसाकडे नको, बाहेरच्या बाजूला हवी. पट्टा कापण्याआधी माणसाला धरून ठेवा. नाहीतर तो उलट्या गाडीत डोक्यावर पडेल.

काच फोडायची तर बाजूची फोडा. सब्बलीच्या टोकाने कोपऱ्यात मारा. समोरची काच तडकते, पण सहसा फुटून पडत नाही. आतल्या माणसावर आधी गोधडी टाका.

माणसाला ओढू नका

घाईने हात धरून ओढले, तर मोडलेली मान किंवा पाठीचा कणा कायमचा जायबंदी होतो. गाडीला आग लागली किंवा पाणी शिरले, तरच ताबडतोब बाहेर काढा. एरवी मान हातांनी स्थिर धरा. त्याच्याशी बोला, धीर द्या. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड दाबून धरा. अंगात लोखंड घुसले असेल, तर ते उपसू नका.

पोलिसांचे भय नको

कोणी म्हणेल, "मदत केली अन् लफड्यात पडलो तर?" मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. चांगल्या मनाने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

तेव्हा एक काम आजच करा. सब्बल, जॅक, जाड फळ्या, ठोकळे, विळा, दोर आणि बॅटरी ग्रामपंचायतीत एका पेटीत ठेवा. पेटी कुठे आहे, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत असू द्या. वेळ आली म्हणजे शोधाशोध करायला उसंत नसते.