जुळवलेल्या संगणकावर मॅक प्रणाली : प्रोसेसर आधी, थंडरबोल्ट नंतर

कापडाच्या धंद्यात नमुना कागदावर काढण्याचे दिवस आता राहिले नाहीत. इचलकरंजीचा कारखानदार असो की आमच्यासारखा कोल्हापूरचा दुकानदार, साडीची किनार, पदर, बुट्टी सारे संगणकावर तयार होते. नक्षी काढणाऱ्या काही कारागिरांचा हात ॲपलच्या मॅकवर बसलेला असतो आणि अस्सल मॅकची किंमत ऐकून मालकाचा हात आखडतो. मग कोणीतरी सुचवतो, सुटे भाग आणा, संगणक जुळवा आणि त्यावर मॅकची प्रणाली घाला. अशा यंत्राला हॅकिन्टॉश म्हणतात. आमच्या दुकानी असे एक यंत्र २०२१ पासून आहे. त्याविषयी इतक्या बंधूंनी विचारणा केली की एकदाच सर्वांना सांगून टाकावे असे ठरविले.

आधी कराराची गोष्ट. ॲपलच्या करारनाम्यात ही प्रणाली फक्त ॲपलच्या छापाच्या यंत्रावर चालवावी अशी अट आहे. अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीने असे तयार संगणक विकायला काढले, तेव्हा ॲपलने २००८ साली दावा लावला. २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ साली अपिलातही तोच कायम राहिला. आम्हास ही अट यंत्र झाल्यावर समजली. आता माहीत असून जो करील त्याने स्वतःच्या जबाबदारीवर करावे, आणि असे यंत्र तयार विकणाऱ्याकडून तर घेऊच नये.

हे शक्य कसे होते? २००६ पासून ॲपलने आपल्या यंत्रांत इंटेलचे प्रोसेसर बसविले, म्हणजे बाजारात मिळतात त्याच जातीचे. सुरुवातीला ओपनकोर नावाचा छोटा प्रोग्राम चालतो आणि तो प्रणालीला सांगतो की हे अमुक मॅक आहे. कोणते मॅक सांगायचे, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते. आमचा प्रोसेसर इंटेलचा दहाव्या पिढीचा, आय-सेव्हन १०७००. त्याला जवळचे मॅक म्हणजे २०२० चे २७ इंची आयमॅक. जुळविणाऱ्याने मात्र जुन्या आयमॅकचे नाव घातले होते.

शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी ऑइल इंजिन पाहिले आहे त्यांना गव्हर्नर काय करतो हे सांगायला नको. भार वाढला की इंधन जास्त, भार उतरला की कमी. प्रोसेसरचेही तसेच. रिकामा असेल तेव्हा तो ८०० मेगाहर्ट्झपर्यंत खाली उतरतो, काम आले की आमच्या प्रोसेसरमध्ये ४.८ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. हा चढउतार कसा करावा याचा तक्ता प्रणाली त्या मॅकच्या नावावरून निवडते. नाव चुकीचे, म्हणून आमचे यंत्र रिकामे असतानाही खाली उतरत नव्हते आणि पंखा दिवसभर ओरडत असे. नाव बदलले आणि पंखा शांत झाला.

दुसरी बाब उष्णतेची. या प्रोसेसरला इंटेलने ६५ वॅटची मर्यादा दिली आहे. थोडा वेळ, साधारण २८ सेकंद, तो २२४ वॅटपर्यंत जाऊ शकतो. पण कित्येक मदरबोर्ड ही मर्यादाच काढून टाकतात, कारण जाहिरातीत वेग दिसतो. एप्रिलच्या उन्हात, कापडाचे तंतू अडकलेल्या पंख्यासह आमचा प्रोसेसर १०० अंशांवर पोचला की स्वतःच वेग पाडायचा. बायोसमध्ये मर्यादा परत ६५ वर आणली, पंखा साफ केला. मोठी फाईल तयार होण्यास थोडा वेळ जास्त लागतो, पण यंत्र मधेच अडत नाही.

तिसरी बाब सी.एफ.जी. लॉक, आणि हिनेच आम्हास नुकसान दिले. वेगाचे नियम प्रोसेसरमधील ज्या जागी लिहिले जातात तिला बायोस कुलूप घालतो. विंडोजला त्याची पर्वा नसते. मॅक प्रणाली मात्र तिथे लिहू पाहते आणि कुलूप असेल तर सुरुवातीलाच थांबते. म्हणून बायोसमध्ये हे कुलूप बंद ठेवावे लागते. तशी सोय नसेल तर ओपनकोरमध्ये त्यावर तोडगा आहे. रमजान ईदच्या मालाची छपाई दोन दिवसांवर असताना एका दुरुस्ती करणाऱ्याने बायोस नवा केला. बायोस नवा झाला की बहुधा सगळ्या सेटिंग मूळ जागी जातात. कुलूप पुन्हा लागले, यंत्र उठेना आणि त्याला कारण कळेना. चार नक्ष्या आत अडकल्या आणि एक गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. त्यानंतर आम्ही बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो घेऊन वहीत चिकटवला आहे.

आता थंडरबोल्ट, ज्याची हौस सर्वांना असते. इंटेल व ॲपल यांची ही जोडणी २०११ मध्ये आली. तिसऱ्या आवृत्तीत वेग सेकंदाला ४० गिगाबिट झाला आणि तोंड यू.एस.बी.-सी सारखे झाले. तोंड सारखे म्हणून प्रत्येक यू.एस.बी.-सी थंडरबोल्ट नसते. विजेची खूण पाहावी. वेगळे कार्ड घेतले तर त्याची तार मदरबोर्डवरील ठराविक जागी लागते, ती जागा नसेल तर कार्ड घेऊ नये. बायोसमध्ये त्याची सुरक्षा ढिली करावी लागते, आणि चालू यंत्रात डिस्क लावली-काढली की ओळखली जावी यासाठी वेगळा तक्ता लिहावा लागतो. आमच्याकडे तो कधीच नीट बसला नाही. डिस्क आधी लावून मगच यंत्र सुरू करावे लागे.

इतके करून मिळते काय, याचा हिशेब पाहा. साडेपाच मीटर लांब, ४५ इंच पन्ह्याची साडी, इंचाला ३०० ठिपके, चार रंग, तर एका थराची फाईल सुमारे साडेतीन गिगाबाईट. साध्या यू.एस.बी. ३ वर चांगली डिस्क असेल तर ती सुमारे नऊ सेकंदांत उतरते, थंडरबोल्टवर दीड सेकंदात. दिवसाला दहा फाईली केल्या तरी सव्वा मिनिट वाचते. चित्रफितीचे काम करणाऱ्यास याचा उपयोग असेल. आमचे कार्ड कपाटात आहे.

नवे हॅकिन्टॉश आज कोणी करू नये असे आमचे मत आहे. २०२० पासून ॲपल स्वतःच्या प्रोसेसरकडे वळली आणि २०२५ ची मॅक ओ.एस. २६ ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे तिने जाहीर केले आहे. एम-फोर प्रोसेसरचा मॅक मिनी २०२४ मध्ये आपल्याकडे ५९,९०० रुपयांस आला, त्यात थंडरबोल्टची तीन तोंडे तयारच होती. छपाई यंत्राला रंग पोचविणारे बहुतेक प्रोग्राम तर विंडोजवरच चालतात, म्हणजे तिथे साधा संगणक पुरतो. ज्यांच्याकडे जुळवलेले यंत्र आहे त्यांनी ते चालेल तोवर चालवावे, बायोस नवा करू नये आणि नक्ष्यांची एक प्रत रोज वेगळ्या डिस्कवर ठेवावी. आमचे यंत्र अजून सुरू आहे.